खाड्याचा साक्षीदार

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या सभा परळला भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने त्या सभांतून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याला रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा, अशा त्या मागण्या होत्या. रविवारच्या सुटीची मागणी १८९० साली पदरात पडली आणि कामगार चळवळीच्या इतिहासात तिला मानाचे पान मिळाले. त्याच अर्जातल्या आणखी एका मागणीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली, तर तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

‘बरा होईपर्यंत’ हे शब्द वाचताना मी दर वेळी अडखळतो. बरा झाला हे कोण ठरवणार? कामगार स्वतः, मालक, जॉबर, की डॉक्टर? लोखंड्यांच्या अर्जात हा प्रश्न नाही. शिवाय ती मागणी इजेपुरती आहे, आजारपणाचा उल्लेख तीत नाही. तुटलेले बोट सगळ्यांना दिसते. ताप, धाप, पोटातली कळ ही ज्याची त्याला कळते. ती दुसऱ्याला पटवायची असेल तर साक्षीदार लागतो. मुंबईच्या कामगाराला तो साक्षीदार कायद्याने मिळायला त्यानंतर सत्तर वर्षे लागली. तो मिळाला, आणि त्याच्यामागोमाग त्याच्यावरचा संशयही आला. या लेखात मला त्या साक्षीदाराची, म्हणजे रजेच्या दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरची, गोष्ट सांगायची आहे.

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. ठाण्याच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षे काढली. हजेरीपत्रक, खाडे, रजेचे अर्ज आणि डॉक्टरांचे दाखले यांच्या ढिगाऱ्यात बसून माझे इतिहासाचे वाचन सुरू झाले. कायद्याची पुस्तके मी आधी नोकरीपुरती चाळत असे, मग सवयीने वाचू लागलो. त्यामुळे या विषयाकडे मी टेबलाच्या अलीकडून पाहतो, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

जॉबरची मर्जी

विमा योजना येण्याआधी गिरणीच्या भाषेत आजारपणाला वेगळा शब्द नव्हता. कामावर न येणे म्हणजे खाडा. तापाने फणफणलेला असो, बारशाला गेलेला असो की पिऊन पडलेला असो, खाडा तो खाडाच आणि त्या दिवसाचा पगार बुडालाच. आजाराची भरपगारी रजा ही कल्पनाच नव्हती. परत आल्यावर जागा शाबूत असेल की नाही, हे जॉबर ठरवी. भरती त्याच्या हातात, बदली कामगार त्याच्या ओळखीचे. आजारी माणसाच्या जागी त्याने कोणाला उभे केले असेल, तर ती जागा परत मिळवण्यासाठी त्याचे हात ओले करावे लागत. म्हणजे आजारपणाची शहानिशा करणारा माणूस तेव्हाही होताच. त्याला नाडी बघता येत नव्हती, एवढाच फरक.

आजारी पडलेला गडी मुंबईत थांबतही नसे. खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीने झोपणार, जेवण खाणावळीचे, उशाशी बसायला कोणी नाही. अंगात थोडे बळ असले की तो बोट गाठून कोकणात किंवा गाडी पकडून घाटावर जाई. तिथे त्याला वैद्याचा काढा मिळे, आईच्या हातची पेज मिळे. कागद मात्र मिळत नसे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू केली आणि कायद्याच्या कामासाठी लागणाऱ्या वैद्यकीय दाखल्यावर नोंदणी झालेल्या डॉक्टरचीच सही चालेल असे ठरले. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात यायला १९३८ साल उजाडले. मधल्या काळात रत्नागिरी-साताऱ्याच्या गावात महिनाभर अंथरुणाला खिळलेला विणकर कागदोपत्री आजारीच नव्हता. तो नुसता गैरहजर होता.

काही गिरण्यांचे स्वतःचे दवाखाने होते. पण तिथल्या डॉक्टरचा पगार गिरणी देई. त्याने ‘कामाला योग्य’ असे लिहिले तर ते कोणाच्या बाजूचे लिहिणे आहे, हे कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दोन खुर्च्यांवरचा डॉक्टर

डॉक्टरला कामगाराच्या रजेचा साक्षीदार करण्याची पद्धत आपल्याकडे युरोपातून आली. तिचा उगम पाहिल्याशिवाय लालबागच्या डॉक्टरची अडचण कळणार नाही.

१८८३ साली बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांचा आजारविमा कायद्याने सक्तीचा झाला. वर्गणीचे दोन भाग कामगाराने भरायचे, एक भाग मालकाने. आजारी पडल्यावर तिसऱ्या दिवसापासून साधारण निम्मा पगार, तेरा आठवड्यांपर्यंत. पैसे द्यायचे म्हटले की आजार खरा की खोटा हा प्रश्न आला आणि त्याचे उत्तर देण्याचे काम डॉक्टरकडे गेले. ब्रिटनमध्ये कामगारांच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या हे काम आधीपासून करत होत्या. त्यांचे पाहणी करणारे सभासद आजाऱ्याच्या घरी जात. भत्ता घेणारा सभासद संध्याकाळनंतर घराबाहेर दिसता कामा नये, असे नियम असत. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर लक्ष ठेवायचे, असा तो प्रकार होता.

लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने हे काम देशभर नेले. आजारी पुरुष कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग, सव्वीस आठवड्यांपर्यंत. स्त्रीला त्याहून कमी, साडेसात शिलिंग. उपचारासाठी प्रत्येक भागातल्या तयार डॉक्टरांची एक यादी करायची, कामगाराने त्यातला आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडायचा आणि डॉक्टरला त्याच्याकडे नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर पैसे मिळायचे. या यादीला ‘पॅनेल’ म्हणत. आपल्या चाळींतून पुढे चाळीस-पन्नास वर्षे ‘पॅनेल डॉक्टर’ हा जो शब्द वावरला, तो इथून आला.

पद्धत सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच ओरड सुरू झाली की अंदाजापेक्षा जास्त लोक आजारी पडत आहेत आणि त्यात बायका फार. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या समितीवर कामगार स्त्रियांच्या नेत्या मेरी मॅकआर्थर होत्या. बायका जास्त आजारी दिसतात याचे कारण त्यांची गरिबी, अपुरे अन्न, बाळंतपणे आणि कामाची परिस्थिती यांत शोधायला हवे, ही त्यांची बाजू होती. आधी ज्या दुखण्यांना कोणी विचारत नव्हते, ती विमा आल्यावर प्रथमच कागदावर उतरली. दुसरी बाजू मांडणारेही होतेच. १९१३ साली सर जॉन कॉली नावाच्या डॉक्टरांचे ढोंगी आजारपण ओळखण्याविषयीचे जाडजूड पुस्तक निघाले. आंधळेपणाचे, बहिरेपणाचे, पाठदुखीचे सोंग कसे पकडावे याच्या युक्त्या त्यात आहेत. एकाच पेशाकडून समाजाने दोन कामे मागितली होती. रोग्याचे ऐकून घ्यायचे आणि रोग्याला पकडायचेही.

डॉक्टरच्या पैशांचा प्रश्न यात गुंतलेला होता. तो फार कडक वागला तर रोगी यादीतून नाव काढून शेजारच्या डॉक्टरकडे जाणार. फार सैल वागला तर विमा अधिकारी विचारणार. १९२० नंतर ब्रिटनने पॅनेल डॉक्टरांच्या दाखल्यांची फेरतपासणी करायला वेगळे सरकारी डॉक्टर नेमले. साक्षीदारावर दुसरा साक्षीदार बसला.

दिल्लीतला मसुदा, फिन्सबरीचा महापौर

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२७ साली आजारविम्याचे दोन करार संमत केले. हिंदुस्थान सरकारने ते स्वीकारले नाहीत. कामगार गावी ये-जा करतो, एका जागी टिकत नाही, पदवीधर डॉक्टर पुरेसे नाहीत, ही कारणे त्या काळच्या चर्चांत पुन्हा पुन्हा येतात. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याचा पाठपुरावा केला. आयोगावर मुंबईचे ना. म. जोशी होते. १९४० साली मुंबईच्या कापड कामगार चौकशी समितीनेही तीच दिशा दाखवली. कागद साठत गेले.

मार्च १९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर योजना तयार करण्याचे काम सोपवले. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १५ ऑगस्ट १९४४ रोजी अडारकरांनी अहवाल दिला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू अशा तीन उद्योगांतल्या बारमाही कारखान्यांसाठी त्यांनी योजना आखली होती. पुढे त्यात बदल होत होत १९४८ च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. चाळीत त्याला कोणी या नावाने ओळखत नाही. त्याचे नाव इएसआय.

इएसआय महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कटियाल. मूळचे पंजाबचे, पण लंडनच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवलेले. १९३१ साली गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती त्यांच्या कॅनिंग टाउनमधल्या घरी. १९३८ साली ते लंडनच्या फिन्सबरी भागाचे महापौर झाले आणि तिथले प्रसिद्ध आरोग्य केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे या देशाच्या कामगार विम्याचा पहिला प्रमुख स्वतः लंडनच्या कामगार वस्तीतला डॉक्टर होता. पॅनेलची पद्धत त्याने पुस्तकात वाचलेली नव्हती, तो तिच्यात राहिला होता.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजनेचे उद्घाटन झाले, त्याच वेळी दिल्लीतही ती सुरू झाली. मुंबईत ती १९५४ साली आली. कानपूर-दिल्लीत महामंडळाचे स्वतंत्र दवाखाने आणि पगारी डॉक्टर होते. मुंबईत मात्र वस्तीवस्तीतल्या खासगी डॉक्टरांची यादी करून पॅनेल पद्धत स्वीकारली गेली. लालबाग, परळ, नायगाव, डिलाइल रोड इथल्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत पडदा लावून बसणारा डॉक्टर एका सकाळी सरकारचा साक्षीदार झाला.

कागदाचे व्याकरण

हा साक्षीदार काय करतो, हे त्याच्या कागदातून कळते. कामगारांच्या तोंडी तीन नावे असत: फर्स्ट, इंटरमिजिएट आणि फायनल. पहिल्या तपासणीला पहिला दाखला. आजार लांबला तर सात दिवसांच्या आत पुन्हा डॉक्टरसमोर जाऊन मधला दाखला. कामावर जाण्याजोगा झाला की शेवटचा, ज्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणत. दाखल्यावर आजाराचे नाव थोडक्यात लिहायचे. तो कागद महामंडळाच्या लोकल ऑफिसात गेला की रोख पैसे. पहिले दोन दिवस पदरचे, भत्ता तिसऱ्या दिवसापासून. सुरुवातीला वर्षात छप्पन्न दिवसांपर्यंत, सरासरी रोजाच्या सुमारे निम्मा. पुढे ही मुदत एक्याण्णव दिवसांवर आणि भत्ता सत्तर टक्क्यांवर गेला. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांना वाढीव मुदत आली.

सर्वांत महत्त्वाचे मला कलम ७३ वाटते. आजारभत्ता घेत असताना किंवा उपचार चालू असताना मालकाने कामगाराला काढू नये, शिक्षा करू नये, असे ते सांगते. जॉबरच्या मर्जीच्या जागी कायदा आला तो इथे. ज्याला गिरणी पगार देत नाही अशा माणसाने लिहिलेला कागद प्रथमच गिरणीला मानावा लागणार होता.

याच कायद्याची दुसरी बाजूही त्याच पानांत आहे. कलम ६४ प्रमाणे भत्ता घेणाऱ्याने उपचाराखाली राहायचे, बरे होण्याला बाधा येईल असे काही करायचे नाही, परवानगीवाचून तो भाग सोडायचा नाही, बोलावतील तेव्हा तपासणीला हजर राहायचे. आजारी पडल्यावर गावी जाण्याची मुंबईच्या कामगाराची जुनी रीत या एका ओळीने बेकायदा ठरली. डॉक्टरच्या दाखल्याबद्दल शंका आली की ‘मेडिकल रेफरी’कडे पाठवण्याची सोय झाली. आणि कलम ६३ सांगते की, नियमांतले अपवाद सोडले तर, संपावर असलेल्या दिवसाचा आजारभत्ता मिळत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा त्या कलमाचा अर्थ घराघरांत शिरला असणार. त्या संपाचे नेते दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते. घाटकोपरला दगडखाणींतल्या मजुरांवर उपचार करता करता ते कामगारांचे पुढारी झाले होते.

खोटा दाखला

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो या विषयावर बोलताना कोणीही पहिल्यांदा काढतो. निम्मे दाखले खोटेच असायचे ना?

टाइम ऑफिसात बसून मला जे दिसले ते सांगतो. शिमग्याला, गणपतीत आणि जूनमध्ये लावणीच्या वेळी ‘सिक’ वाढायची. त्या दिवसांत व्हायरल ताप, कंबरदुखी आणि अशक्तपणा यांची साथ येई, असे आम्ही हसून म्हणायचो. साहेब लोक चिडायचे. पण वर्षभराचे दाखले मी एकत्र लावून पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आणखी काही आले. कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईंचे दाखले सतत दोन-तीन दिवसांचे आणि सतत ‘अशक्तपणा’चे असत. त्यांचा मुलगा दम्याचा रोगी होता. मुलाच्या आजारपणासाठी आईला भत्ता देणारे कलम कायद्यात नव्हते. मग आईला स्वतः अशक्त व्हावे लागे. डॉक्टरला ते माहीत होते, मला माहीत होते, आमच्या साहेबांनाही बहुधा माहीत असावे.

कारखान्यांतल्या रजेचा इतिहास पाहिला तर यात नवल वाटत नाही. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची भरपगारी सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामाला एक दिवस असे प्रमाण ठेवले. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नाही. मर्तिक, लग्न, घरातले दुखणे, शेतीचे चार दिवस या सगळ्यांना त्या मोजक्या दिवसांत बसायचे होते. जे बसले नाही ते डॉक्टरच्या दाखल्यात शिरले. आयुष्यातल्या बाकी सगळ्या अडचणींसाठी कामगाराकडे एकच उघडे दार होते आणि त्या दारावर डॉक्टर बसला होता.

लालबागमध्ये अनेक वर्षे पॅनेलवर असलेल्या एका निवृत्त डॉक्टरांना मी भेटलो होतो. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की समोर बसलेला माणूस आजारी आहे की थकलेला आहे, यातला फरक दोन मिनिटांत आणि साठ रोग्यांच्या रांगेत ठरवणे त्यांना जमत नसे. तीन पाळ्यांत फिरणाऱ्या साचेवाल्याचा थकवा हा आजार नाही, असे म्हणण्याइतका आपला विज्ञानावर विश्वास नव्हता, असेही ते म्हणाले. पैसे घेऊन दाखले देणारे डॉक्टर होते, हे त्यांनी नाकारले नाही. मीही नाकारत नाही. खोटे निवेदन करून लाभ घेण्याला याच कायद्यात शिक्षा आहे आणि ती असायलाच हवी. पण खोट्या दाखल्याची चर्चा जिथे डॉक्टरच्या नीतीपाशी थांबते, तिथे तिचा अर्धा भाग सांगायचा राहतो. तो अर्धा भाग रजेच्या कायद्यात आहे.

एक कागद, दोन निकाल

दाखला खरा असला तरी त्याचे वजन किती, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९६३ साली आला. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतला एक कामगार १९५७ च्या जानेवारीत थोड्या दिवसांची रजा घेऊन गावी गेला, तिथे आजारी पडला आणि मुदत उलटून बऱ्याच दिवसांनी डॉक्टरचा दाखला घेऊन परतला. गिरणीच्या स्थायी आदेशांत अट होती की रजा संपल्यावर आठ दिवसांत परत येऊन व्यवस्थापनाचे समाधान होईल असे कारण दिले नाही, तर नोकरीवरचा हक्क सुटतो. व्यवस्थापनाचे समाधान झाले नाही. विमा महामंडळाने मात्र तोच दाखला मानून त्या काळाचा भत्ता दिला.

न्यायालयापुढे प्रश्न असा होता, की महामंडळाने ज्याला आजारी मानले त्याला गिरणीने आजारी मानायला हवे का? निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे आहे. कामगारविषयक कायद्यात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, असे ते न्यायमूर्ती होते. त्यांनी निकाल गिरणीच्या बाजूने दिला. कलम ७३ शिक्षा म्हणून केलेल्या कारवाईला आडवे येते, स्थायी आदेशानुसार आपोआप सुटलेल्या नोकरीला नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या तर्काने निकाल सरळ आहे. तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र कोकणातल्या आणि घाटावरच्या त्या जुन्या आजाऱ्यांची रांग येते. आता त्यांच्या हातात कागद होता. त्या कागदाने दोन महिन्यांचा भत्ता मिळू शकत होता, नोकरी टिकेल याची हमी मात्र नव्हती.

तीस वर्षांनी, १९९३ साली, डी. के. यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराचे म्हणणे ऐकून न घेता, चौकशी न करता, केवळ स्थायी आदेशाच्या जोरावर नोकरी आपोआप संपवता येणार नाही. कागदाच्या मागच्या माणसाला बोलू द्या, एवढेच ते म्हणणे. एवढे म्हणायला तीस वर्षे जावी लागली.

सोमवारची छाती

डॉक्टरच्या हातात आणखी एक अधिकार होता, ज्याची चर्चा खोट्या दाखल्यांच्या गदारोळात झालीच नाही. आजाराचे नाव लिहिण्याचा.

कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत त्याचा धोका सर्वांत जास्त. त्याची सुरुवातीची खूण मोठी विलक्षण आहे. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होते, श्वास भरतो. मंगळवारी, बुधवारी त्रास कमी होतो. वर्षे गेली की आठवडाभर राहू लागतो आणि शेवटी माणूस जिना चढू शकत नाही. एक्स-रेमध्ये या आजाराची अशी खास खूण दिसत नाही. सुरुवातीला तो ओळखायचा तर रोग्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: सोमवारी जास्त होते का? आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

तो प्रश्न विचारला नाही तर दाखल्यावर ‘ब्राँकायटिस’ असे पडते. ब्राँकायटिस हे साधे आजारपण आहे, त्याला वर्षातल्या मोजक्या दिवसांचा भत्ता. बिसिनोसिस कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. तो कामावरच्या इजेसारखा धरला जातो, म्हणजे वेगळा, जास्त भत्ता आणि कायमचे अपंगत्व ठरले तर जन्मभराचा आधार. लोखंड्यांनी १८८४ साली जी सोय मागितली होती, ती इथे एका शब्दाच्या अंतरावर आली होती. तो शब्द लिहिला जाणे एका प्रश्नावर अवलंबून होते आणि साठ माणसांच्या रांगेत तो प्रश्न विचारायला वेळ नव्हता. ढोंग ओळखण्यावर जाड पुस्तके निघाली, समित्या बसल्या, रेफरी नेमले गेले. खरे आजारपण चुकीच्या नावाने नोंदले जाते का, हे पाहायला कोणी रेफरी नेमला नाही.

कोणाचा शब्द?

१९८२ साली मुंबईत संप चालू होता, त्याच वर्षी ब्रिटनने एक छोटासा बदल केला. आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला लागणार नाही, कामगाराने स्वतः लिहून दिले की पुरे, असे ठरले. सर्दी-तापाच्या कागदांवर सह्या करण्यात डॉक्टरांचा वेळ जातो आणि सही केली तरी ती रोग्याच्या सांगण्यावरूनच केलेली असते, हे त्यामागचे व्यवहारी शहाणपण होते. ज्या देशाने पॅनेल निर्माण केले, त्यानेच पहिला आठवडा कामगाराच्या शब्दावर सोडून दिला. २०१० साली तिथे दाखल्याचे रूपही बदलले. हा माणूस काम करू शकत नाही एवढेच न लिहिता, थोडे हलके काम किंवा कमी तास दिले तर करू शकेल, असेही डॉक्टर लिहू लागले.

आपण पॅनेल घेतले, सात दिवसांची मुदत घेतली, रेफरी घेतला. पुढचा हा टप्पा मात्र घेतला नाही. आपल्याकडे आजही पहिल्या दिवसापासून दाखला लागतो आणि पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे ज्या दिवसांत साक्षीदाराची खरी गरज नाही, त्या दिवसांत आपण साक्ष मागतो. बिसिनोसिससारख्या आजारात जिथे डॉक्टरने शांतपणे बसून ऐकायला हवे, तिथे त्याच्याकडे वेळ उरत नाही. डॉक्टरला चौकीदार केल्याची ही किंमत आहे आणि ती रोगी भरतो.

गिरण्या गेल्या. ज्या कारखान्यात मी काम केले, तिथेही शेवटच्या वर्षांत कायम कामगार थोडे आणि कंत्राटी जास्त होते. त्यांतल्या बऱ्याच जणांची वर्गणी कापली जाई, कार्डही असे. पण भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या काळात किमान अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी लागते आणि कंत्राटदार बदलला, नाव बदलले, मधे महिनाभर बसवले की हिशेब चुके. त्या मुलांकडे डॉक्टरचे दाखले असत, बहुतेक खरे. ते माझ्या टेबलावर ठेवताना ती विचारत, याचे काय होईल? मी कागद ठेवून घेत असे. कायम कामगाराचा दाखला नोंदवायला रजिस्टरमध्ये रकाना होता. कंत्राटी मुलाच्या नावापुढे हजेरीच्या रकान्यात खाडा लिहिण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.